झोआ-पॅली घरी आणताय? टँकमध्ये हात घालायच्या आधी हे वाचा

मागच्या महिन्यात कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मित्राकडं नवीन मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याचा, टँक बघायला गेलो, अडीच फुटी, पाणी एकदम स्वच्छ आणि दगडावर कोरलची, म्हणजे प्रवाळाची, हिरवी-केशरी बटणं मस्त फुललेली. "हे झोआ, लय सोपं असतंय म्हणाला दुकानदार" असं सांगत मित्रानं बाही वर सारून उघडा हात आत घातला आणि बोटानं एक बटण दाबून दाखवलं, बघ कसं मिटतंय म्हणून. त्याच बोटाला कांदा चिरताना लागलेलं होतं, वरची पट्टी भिजून सुटायला आलेली. मी पहिला त्याला हात बाहेर काढायला लावला, साबणानं धुवायला लावला आणि मग चहा होईपर्यंत आणि चहा झाल्यावरही तास-दीड तास जे बोललो तेच इथं नीट लिहून काढतोय, कारण नवीन टँक लावणारी बरीच पोरं सुरुवात झोआनंच करतात आणि यात जहाल विष असू शकतं हे त्यांना कोण सांगत नाही.

घाबरून कोरल फेकून द्या असं माझं म्हणणं नाही. माझ्या स्वतःच्या टँकमध्ये सहा वर्षं झोआ आहेत आणि आजही रोज सकाळी पहिलं तिकडंच बघतो. पाण्यात गप बसलेलं कोरल सहसा काही करत नाही. धोका आहे तो आपण त्याला खरवडतो, कापतो, दाबतो, वाळवतो आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याच्यावर गरम पाणी ओततो तेव्हा. एवढं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं तरी अर्धं काम झालं.

विष म्हणजे नेमकं काय

नाव पॅलीटॉक्सिन. १९७१ मध्ये हवाईतल्या मूर आणि शॉयर या शास्त्रज्ञांनी ते पॅलीथोआ (आपण हॉबीवाले 'पॅली' म्हणतो) जातीच्या बटण-कोरलमधून वेगळं काढलं, तिथले जुने लोक म्हणे हेच भाल्याच्या टोकाला लावायचे. माणसाला माहीत असलेल्या सगळ्यात जहाल विषांमध्ये त्याची गणती होते.

शरीरात ते काय करतं हे समजून घ्या म्हणजे डॉक्टरांची धावपळ का होते ते कळेल. आपल्या प्रत्येक पेशीवर एक पंप असतो, तो सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे कसे पाणी चढलं की उघडतात, उतरलं की मिटतात, तसं या पंपाचं दार हिशोबात उघड-मीट करत असतंय. पॅलीटॉक्सिन जाऊन या दारात बसतं आणि दार उघडंच अडकतं, मग सोडियम आत आणि पोटॅशियम बाहेर नुसतं वाहत सुटतं. स्नायू, हृदय, फुफ्फुस, सगळ्यांचं काम या पंपावर चालतं त्यामुळं त्रास एकाच जागी थांबत नाही. स्नायू तुटायला लागले तर त्यातला माल किडनीत जाऊन किडनी अडचणीत येते. याच्यावर उतारा नाही, डॉक्टर लक्षणं सांभाळत शरीराला वेळ मिळवून देतात.

आणखी एक वाईट गुण म्हणजे उकळल्यानं हे विष मरत नाही. उलट वाफेबरोबर बारीक थेंबांत हवेत येतं आणि सरळ छातीत जातं.

माझ्या घरात काय झालं

चार वर्षांपूर्वीची गोष्ट, दिवाळीची साफसफाई चाललेली. टँकमधल्या एका मोठ्या दगडावर तपकिरी पॅली इतक्या माजल्या होत्या की बाकी कोरलला जागाच उरली नव्हती. मी तो दगड उचलला, बाथरूममध्ये नेला, गिझरचं कडक पाणी सोडलं आणि ब्रशनं घासायला बसलो. दार लावलेलं, एक्झॉस्ट बंद, वाफ भरलेली. अर्ध्या तासात घसा खवखवायला लागला आणि तोंडात तांब्याचं नाणं चघळल्यासारखी चव आली. संध्याकाळी हुडहुडी भरली, खोकला थांबेना, मांड्या आणि पाठ कुणीतरी बडवल्यागत दुखायला लागली. बायको तर फक्त बाहेर हॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होती, तिलाही खोकला आणि ताप.

रात्री दवाखान्यात गेलो तेव्हा डेंग्यूचे दिवस होते म्हणून सगळ्या चौकश्या त्याच्याच झाल्या आणि टँकचं सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. पहाटे एका जुन्या हॉबीवाल्या मित्राचा फोन आला, त्यानं सगळं ऐकून एकच विचारलं, "दगडावर गरम पाणी टाकलंस का?" तेव्हा कळलं. मी ती रात्र ऑक्सिजनवर काढली, बायको एका दिवसात बरी झाली, माझा खोकला मात्र तीन आठवडे गेला नाही. तिला त्या दिवशी जो त्रास झाला तो माझ्यामुळं झाला हे मी आजही विसरलो नाही आणि म्हणूनच एवढं लांबण लावून लिहितोय.

हे फक्त माझ्याच बाबतीत झालं असंही नाही. २०१८ मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमधल्या एका घरात टँकमधलं कोरल साफ करताना अख्खं कुटुंब दवाखान्यात गेलं आणि मदतीला आलेल्या अग्निशमनच्या जवानांनाही तपासायला न्यावं लागलं. अमेरिकेत अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात घरातल्या आणि दुकानातल्या कोरलमुळं लोक आजारी पडल्याच्या केसेसची सरकारी आरोग्य खात्यानं नोंद केलीय.

पायरी पहिली: आपल्याकडं काय आहे ते ओळखा

बटणासारखी गोल चकती, कडेनं पापणीच्या केसांसारखी बारीक झालर, खाली बुटका देठ आणि सगळे एका चटईवर दाटीनं उगवलेले, असं दिसलं की ते झोआंथिड समजायचं. त्यात दोन मोठे गट आपल्या टँकमध्ये येतात. झोआ म्हणजे झोआंथस, शेंगदाण्याएवढे, रंगीबेरंगी, देठ गुळगुळीत. पॅली म्हणजे पॅलीथोआ, जास्त करून मोठे, पार रुपयाच्या नाण्याएवढे, रंग तपकिरी-हिरवट, आणि अंगात वाळूचे कण धरून ठेवतात म्हणून खालची चटई खरखरीत दिसते. धोका पॅलीमध्ये जास्त सापडलाय. २०११ मध्ये अमेरिकेत दुकानांतून कोरल विकत घेऊन तपासले तर काही पॅलीत भयंकर विष निघालं आणि दिसायला जवळपास तशाच दुसऱ्या नमुन्यात काहीच नाही. त्यामुळं डोळ्यांनी बघून हा साधा, तो विषारी असं ठरवता येत नाही. दुकानदार कितीही खात्री देऊ दे, सगळ्यांना विषारी धरूनच वागायचं.

फुकटात येणारे पॅली बघायला विसरू नका. लाइव्ह रॉक, म्हणजे जिवंत जीव असलेला समुद्रातला दगड, घेताना कपारीत दोन-चार तपकिरी बटणं मिटून बसलेली असतात, दुकानात कुणाच्या लक्षात येत नाहीत, घरी आल्यावर सहा महिन्यात दगड व्यापतात. माझे तसेच आले होते.

इथंच एक सांगतो. आपण सगळे सुट्टी लागली की मालवण-देवगडला पळतो, ओहोटीला कातळावर असलीच बटणं, कोरल दिसतात आणि हात शिवशिवतात. आणू नका. दगडी कोरल, काळं कोरल, सी फॅन, फायर कोरल हे सगळं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची १ मध्ये येतं आणि मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ पासून आहे. शिवाय कातळावरचं ते बटण उघड्या हातानं उपटणं म्हणजे वर लिहिलेला सगळा धोका समुद्रावर जाऊन अंगावर घेणं.

पायरी दुसरी: सामान आधी, कोरल नंतर

नायट्राइलचे हातमोजे मेडिकलमध्ये मिळतात, जाड घ्या, जेवण वाढतात ते पातळ प्लॅस्टिकचे नकोत, दगडाला लागले की फाटतात. पण नायट्राइल मनगटापर्यंतच, आणि टँकमध्ये हात कोपराच्या वर जातो. याला आपल्याकडं एक भारी सोय आहे. जनावरांचे डॉक्टर म्हशीला कृत्रिम रेतन करताना खांद्यापर्यंतचे लांब प्लॅस्टिकचे हातमोजे घालतात, जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळतात, आपला दूधदुभत्याचा जिल्हा असल्यानं तालुक्याच्या गावातही मिळतील. ते आधी घालायचे, वरून नायट्राइल चढवायचे, वरच्या टोकाला रबर बँड.

डोळ्यांसाठी चारी बाजूनं बंद असणारा गॉगल. नंबरचा चष्मा चालत नाही, कारण पॉलिप, म्हणजे यातलं एकेक बटण, दाबला गेला की पाण्याची चिळकांडी मारतो आणि ती बरोबर कडेनं आत जाते. आपल्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वापरतात तसला सेफ्टी गॉगल हार्डवेअरमध्ये मिळतो. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या दिवशी काढून ठेवा. तोंडाला एन ९५ मास्क, घट्ट बसणारा. मास्क घातला म्हणून गरम पाणी चालेल असा अर्थ काढू नका.

बाकी एक वेगळी बादली, एक प्लॅस्टिकचा ट्रे, लांब चिमटा, जुने टॉवेल. हे सगळं फक्त टँकचं, त्यावर मार्करनं मोठं लिहा, नाहीतर ती बादली आठवड्यात धुण्याला लागते. आणि ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, कोरोनात गल्लीत फवारत होते ते हायपो. बाटलीवर टक्केवारी आणि तारीख बघून घ्या, जुनं झालं आणि उन्हात राहिलं की त्याचा जोर जातो. सॅनिटायझरनं हे विष निकामी होत नाही.

पायरी तिसरी: नवीन तुकडा घरी आल्यावर

पिशवी सिंकमध्ये फोडू नका जिथं भांडी घासतो. ट्रेमध्ये ठेवा, मोजे-गॉगल घाला, मग उघडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. तापमान जुळवून घ्या, थेंब-थेंब पद्धतीनं टँकचं पाणी मिसळत अर्धा-पाऊण तास द्या, मग तुकडा बुडाचा प्लग (ज्यावर तो चिकटवलेला असतो तो छोटा आधार) धरून उचला, पॉलिपला बोट लागू न देता. दुसऱ्या टँकमध्ये दोन-तीन आठवडे वेगळं ठेवता आलं तर उत्तमच.

ड्रिपची नळी किंवा पाणी बदलायचा पाईप तोंडानं ओढू नका. शेतात आणि ट्रॅक्टरच्या डिझेलला ओढून ओढून आपल्याकडं ही सवय सगळ्यांना आहे, इथं ती महागात पडेल. नळी आधी पाण्यानं भरून घ्या किंवा हातानं दाबायचा रबरी पंप आणा.

जागा ठरवताना मुख्य दगडावर चिकटवू नका. वाळूत एक सुटा दगड बेटासारखा ठेवा आणि त्यावर लावा, म्हणजे पसरले तर अख्खा दगड उचलून बाहेर काढता येतो, खरवडायची वेळ येत नाही. पुढं काही वर्षांनी हाच निर्णय तुम्हाला वाचवतो. चिकटवायला घट्ट जेलवाला सुपरग्लू चालतो.

पायरी चौथी: रोजची कामं

हाताला जखम, नखुरडं, पुरळ काही असलं तर त्या दिवशी टँकमध्ये हात घालायचा नाही, काम दुसऱ्याला सांगा किंवा पुढं ढकला. हात घालायच्या आधी पंप बंद. काच घासताना चुंबकाचा ब्रश वापरला तर हात घालावाच लागत नाही. काम झालं की मोजे घातलेले हात आधी वाहत्या पाण्याखाली धरायचे, मग मोजे उलटे करत काढायचे, मग साबण. तोवर नाक, डोळे, मोबाईल कशालाच हात लावायचा नाही, आणि मळलेल्या हातानं तंबाखू मळणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन कायम ठेवा, पाण्यात सुटलेलं विष पकडायला त्याचा उपयोग होतो. पॉलिपला धक्का लागेल असं काही काम केलं तर त्या दिवशी कार्बन नवीन भरा.

टँकवर झाकण हवं, आणि लहान पोरं, मांजर, कुत्रं यांचं तोंड-हात पाण्यापर्यंत पोचता कामा नये. माझ्या पुतण्याला मी सरळ सांगितलंय, बघायचं डोळ्यांनी, आणि तो ऐकतो.

सुपरग्लूनं चिकटवलेला तुकडा पडला, दगड सरकला असल्या छोट्या कामांतच लोक मोजे विसरतात. दोन मिनिटांचं काम असलं तरी मोजे.

पायरी पाचवी: कापायचं असेल तर

नवीन असाल तर पहिलं वर्षभर कापूच नका, हे माझं स्पष्ट मत आहे. मित्राला तुकडा द्यायचाय तर आख्खा छोटा दगड द्या. पुढं कधी कापलंच तर गच्चीवर किंवा मोकळ्या गॅलरीत, ट्रेमध्ये टँकचंच पाणी घेऊन, तुकडा पाण्याखाली बुडालेला ठेवून धारदार ब्लेडनं. वारं तुमच्या पाठीकडून येईल असं बसा. ग्राइंडर, ड्रिल, कटर मशीन अजिबात नाही, त्याचा फवारा थेट तोंडावर येतो.

पायरी सहावी: नको झालेले पॅली काढायचे असतील तर

इथंच सगळ्यात जास्त लोक सापडतात म्हणून सावकाश वाचा. उकळतं पाणी नाही, गिझरचं पाणी नाही, गाड्या धुवायचं प्रेशर मशीन नाही, सुक्या दगडावर तारेचा ब्रश नाही, मायक्रोवेव्ह नाही, उन्हात तसाच वाळवायला ठेवणंही नाही, कारण वाळलेल्या पॉलिपची धूळ उडाली की तीही श्वासात जाते.

करायचं ते असं. घरातल्या बाकीच्यांना सांगून ठेवा. मोजे, गॉगल, मास्क. टँकच्या पाण्यात बादली बुडवा आणि दगड पाण्यातच बादलीत सरकवा, म्हणजे तो उघड्यावर येतच नाही. बादली झाकून गच्चीवर न्या. तिथं वेगळ्या झाकणाच्या बादलीत एक भाग ब्लीच आणि नऊ भाग गार पाणी करून दगड पूर्ण बुडवा. बाजारातलं ब्लीच साधारण चार-पाच टक्क्यांचं असतं, म्हणजे हे मिश्रण अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतं. ०.१ टक्क्याच्या वरचं हायपोक्लोराइट अर्धा तास लागलं की पॅलीटॉक्सिन निकामी होतं, पण पॉलिपच्या जाड मांसात आतपर्यंत जायला वेळ लागतो म्हणून मी रात्रभर ठेवतो. झाकण सैल ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड, व्हिनेगर किंवा अमोनियावालं काहीही मिसळलं तर विषारी वायू तयार होतो, तेव्हा फक्त पाणी.

सकाळी पॉलिप पांढरे, लिबलिबीत झालेले दिसतील. ते चिमट्यानं ओलेच असताना काढा, दोन पिशव्यांत बांधून वर लिहा आणि घंटागाडीवाल्या दादांना सांगून वेगळं द्या, ते उघड्या हातानं कचरा हाताळतात. रंकाळ्यात, पंचगंगेत, नाल्यात टाकायचं नाही, कोरलही नाही आणि टँकचं पाणीही नाही. दगड परत वापरायचा असेल तर आणखी एकदा ताज्या ब्लीचमध्ये, मग खूप धुऊन, क्लोरीन काढायचं औषध घातलेल्या पाण्यात भिजवून, मगच ऊन. ब्रश, चिमटा, ट्रे सगळं त्याच मिश्रणात अर्धा तास. टॉवेल आणि अंगावरचे कपडे घरच्या धुण्यात न मिसळता वेगळे धुवा.

पुराचंही लिहितो, कारण २०१९ आणि २०२१ ला आपण ते भोगलंय. लाईट जाते, पंप बंद पडतात, आपण घर सोडून पाहुण्यांकडं, परत येऊन बघतोय तर टँक मेलेला आणि वास सुटलेला. मेलेले पॉलिप पाण्यात विष सोडू शकतात. खिडक्या उघडा, पोरांना बाहेर ठेवा, पूर्ण तयारीनंच हात घाला आणि दगड वरच्या पद्धतीनं ब्लीचमध्ये.

काही झालंच तर

कातडीला लागलं तर लगेच भरपूर पाणी आणि साबण. डोळ्यात गेलं तर चोळू नका, नळाखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा उघडा धरून पाणी सोडा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं, बुबुळाला इजा होऊ शकते. उडालेलं श्वासात गेलं असं वाटलं तर काम तिथंच टाकून घरातल्या सगळ्यांनी बाहेर यायचं, सामान आवरायला परत आत जायचं नाही. आणि आपल्याकडचा पहिला उपाय म्हणजे वाफ घेणं, तो करत बसू नका, दवाखाना गाठा.

लक्षणं अशी: तोंडात धातूची किंवा कडू चव, ओठ-जीभ बधिर होणं, घसा खवखवणं, खोकला, दम लागणं, थंडी वाजून ताप, अंग ठणकणं, छातीत धडधड, लघवी गडद चहासारखी होणं. काही तासांनी वाढू शकतात, म्हणून आता बरं वाटतंय म्हणत घरी थांबू नका. दम लागत असेल तर १०८ ला फोन करा, नाहीतर कोल्हापूरचं सीपीआर सरकारी रुग्णालय किंवा जवळचा कोणताही अपघात विभाग असलेला मोठा दवाखाना. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७ आहे, तो डॉक्टरांनाही देता येतो.

दवाखान्यात गेल्या गेल्या सांगायचं की घरात खाऱ्या पाण्याचा टँक आहे, कोरल हाताळलंय, पॅलीटॉक्सिनची शंका आहे. हा शब्द डॉक्टरांच्या रोजच्या कानावरचा नसतो त्यामुळं कागदावर लिहून न्या आणि कोरलचा मोबाईलवर फोटो दाखवा. ईसीजी, पोटॅशियम, किडनी आणि स्नायूंची सीके ही तपासणी करायची का ते विचारा. आणि काही आठवड्यांनी बोटावर न बरी होणारी गाठ आली तरी टँकचं सांगाच, टँकच्या पाण्यातल्या एका जंतूमुळं तसं होतं आणि त्याची औषधं वेगळी असतात.

राजारामपुरीच्या मित्रानं त्याच संध्याकाळी लांब मोजे आणले. मी त्याच्या टँकखालच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं एक कागद चिकटवून आलोय, वर कोरलचं नाव, खाली "गरम पाणी नाही", १०८, तो एम्सचा नंबर आणि ब्लीचचं प्रमाण. त्याच्या आईंना तो वाचून दाखवला, कारण तो कामावर असताना घरी त्याच असतात. त्यांनी विचारलं, "मग काच पुसली तर चालंल न्हवं?" बाहेरून चालेल म्हटलं, बिनधास्त पुसा.